पाटी मराठी, पावती इंग्रजी

देवरूखच्या बाजारपेठेत दुकानांवरच्या पाट्या मराठीत आहेत. तसा कायदाच आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या लहान दुकानालाही नाव देवनागरीत लावावे लागते आणि शेजारी दुसरी लिपी असेल तर मराठी अक्षर तिच्याहून लहान चालत नाही. पाटीखालून आत शिरावे, आगळ, कुळीथ, साबण घ्यावा, भाव मराठीत विचारावा, मालकाने तो मराठीतच सांगावा आणि शेवटी गल्ल्याशेजारच्या चिमुकल्या यंत्रातून सर्रकन जी पावती बाहेर येते ती इंग्रजीत. कुळथाचे नाव रोमन अक्षरांत, तेही जागा पुरली नाही म्हणून मध्येच तोडलेले. आजीबाई एकूण रकमेचा आकडा तेवढा बघतात आणि पावती पिशवीत टाकतात. कुठल्या वस्तूला काय लावले, हे त्यांना त्या कागदावरून कळायची सोय नाही.

मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले: "प्रिंटरमध्ये मराठी नाही हो." यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे असे की, प्रिंटरला मराठी यावी लागतच नाही. त्याला काम सांगणाऱ्याला प्रिंटरची भाषा यावी लागते. ती आपण शिकलो नाही, कोणी शिकवली नाही आणि त्याचा भुर्दंड मराठीला बसला, असे माझे म्हणणे आहे.

प्रिंटरकडे जाणाऱ्या ऐवजात दोन गोष्टी असतात: छापायची अक्षरे आणि ती कशी छापायची याचे हुकूम. दोन्ही एकाच तारेतून, एकामागोमाग एक, आकड्यांच्या रूपात जातात. देवरूखच्या संगमेश्वर तालुक्यात नमन-खेळ्यांची आणि नाटकांची हौस गावोगाव आहे, म्हणून इथल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. नाटकाच्या वहीत कंसात लिहिलेले असते, 'आवाज चढवून' किंवा 'डावीकडे वळत'. नट ते शब्द म्हणत नाही, पाळतो. प्रिंटरचे हुकूम म्हणजे हा कंसातला मजकूर.

१९६३ साली अमेरिकेत ॲस्की नावाची संकेतावली ठरली. तिच्यात ० ते ३१ हे आकडे अक्षरांना दिलेच नाहीत; ते यंत्राला हुकूम देण्यासाठी राखून ठेवले. १० म्हणजे कागद एक ओळ पुढे सरकव. १३ म्हणजे छापणारे मुंडके डाव्या कडेला आण. १२ म्हणजे पान संपव, पुढच्या पानाच्या माथ्यावर जा. टाइपरायटरचा दांडा ढकलला की ओळ बदलणे आणि डावीकडे येणे ही दोन्ही कामे एकदम व्हायची. टेलिप्रिंटरमध्ये ती वेगवेगळी होती, म्हणून आकडेही दोन. टेलिप्रिंटर गेले, पण विंडोजच्या साध्या मजकुराच्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० आजही जोडीने बसलेले असतात.

बत्तीस हुकूम पुरणार नव्हतेच. त्यावर बॉब बेमर या संगणकतज्ज्ञाच्या नावावर असलेली युक्ती उपयोगी पडली. २७ हा आकडा 'एस्केप' म्हणून ठरला. तो आला की त्यामागून येणारे अक्षर छापायचे नसते, तो हुकूम असतो. जपानच्या एप्सन कंपनीने आपल्या डॉट मॅट्रिक्स, म्हणजे सुयांनी ठिपके उमटवून छापणाऱ्या, प्रिंटरसाठी या युक्तीवर एक अख्खी भाषा उभी केली. १९८० च्या एमएक्स-८० या प्रिंटरने ती जगभर नेली. एस्केपमागून 'ॲट'ची खूण आली की आधीचे सगळे हुकूम रद्द, नव्याने सुरुवात. ई आला की ठळक, एफ आला की ठळक बंद. ४ आला की तिरपे, ५ आला की पुन्हा उभे. एकटा १५ आला की अक्षरे दाटीवाटीने आणि १८ आला की पूर्ववत. एप्सनने हे सगळे हुकूम पुस्तकात छापून प्रिंटरबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात दिले. परिणाम असा झाला की, ज्याला त्याला ती भाषा बोलता येऊ लागली. भारतात विकल्या जाणाऱ्या डॉट मॅट्रिक्स यंत्रांच्या माहितीपत्रकावर 'एप्सनशी जुळणारा' हे शब्द आढळतात, ते याचमुळे.

या भाषेतला एकच हुकूम माहीत नसल्याने आपल्याकडे कागद किती वाया गेला असेल, याचे मला नेहमी नवल वाटते. पतसंस्थेत, घाऊक औषधांच्या दुकानात रोजकीर्द छापायला जो सलग, कडेला भोके पाडलेला कागद लागतो, तो आपल्याकडे सर्रास बारा इंच लांबीच्या घड्यांचा मिळतो. अमेरिकेत तो अकरा इंची. प्रिंटर इंचाला सहा ओळी छापतो, म्हणजे अमेरिकेच्या पानावर ६६ ओळी आणि आपल्या पानावर ७२. यंत्र कारखान्यातून ६६ ची समजूत घेऊन आले असेल तर 'पान संपव' म्हटल्यावर ते अकरा इंचच सरकते. दुसऱ्या पानाचे शीर्षक पहिल्या कागदाच्या तळाशी येते, तिसऱ्याचे त्याहून एक इंच वर. मग कारकून प्रत्येक पानाला उठून बाजूचे चाक हाताने फिरवतो. वर्षानुवर्षे फिरवतो. नवीन माणूस कामाला लागला की त्यालाही चाक फिरवायला शिकवतो. या दुखण्यावर औषध म्हणजे तीन आकडे: २७, ६७, ७२. एस्केप, सी, आणि पानाच्या ओळी. तेवढेही नको असेल तर कित्येक यंत्रांच्या पोटात अकरा-बारा इंचांचा एक चिमुकला स्वीचच असतो.

त्याच पतसंस्थेत १३२ रकान्यांची खतावणी ऐंशी रकान्यांच्या अरुंद यंत्रावर मावत नाही म्हणून रुंद यंत्र घेतले जाते. साध्या अक्षरात इंचाला दहा अक्षरे बसतात, आठ इंचांत ८०. तो एकटा १५ पाठवला की इंचाला सतराच्या वर बसतात आणि त्याच आठ इंचांत १३२ रकाने आरामात मावतात. हजारो रुपयांचा फरक एका आकड्यावर.

इथे जुन्या छापखान्याची आठवण होणे साहजिक आहे. इंचाला सहा ओळी हे माप आले कुठून? खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचा पायका म्हणजे बारा पॉइंट, इंचाचा सहावा भाग. प्रिंटरच्या मापांत छापखान्याचे हे माप असे टिकून आहे. (टाइपरायटरवाल्यांनी पायका हेच नाव इंचाला दहा अक्षरांच्या ठशाला दिले आणि प्रिंटरने तेही उचलले. दोन्हींची गल्लत करू नये, पण होते.)

हुकूम माहीत असणे म्हणजे एक यादी पाठ असणे, असेही समजू नये. १९८४ साली एचपीने लेझरजेट प्रिंटर आणला. त्याची भाषा पीसीएल. तिच्यातही एस्केप आहे, तिच्यातही एस्केपमागून ई आहे; पण एप्सनच्या भाषेत तो 'ठळक कर' असा हुकूम आहे आणि एचपीच्या भाषेत 'सगळे विसरून जा' असा. त्याच सुमारास अडोबीची पोस्टस्क्रिप्ट आली आणि १९८५ च्या ॲपल लेझररायटरमधून ती पुस्तके-मासिके छापणाऱ्यांपर्यंत पोहोचली. ही तर पुरती संगणकभाषाच. पान म्हणजे तिच्यात एक प्रोग्राम असतो. आता समजा, पोस्टस्क्रिप्ट न कळणाऱ्या यंत्राकडे तो प्रोग्राम गेला. यंत्र बिचारे तो प्रोग्रामच अक्षरशः छापत सुटते. पहिल्या ओळीत टक्केचिन्ह, उद्गारचिन्ह आणि पीएस ही दोन अक्षरे, मग कागदांमागून कागद अगम्य इंग्रजी. तालुक्याच्या ठिकाणी असे झाले की 'प्रिंटरला व्हायरस लागला' असे निदान होते आणि यंत्र रत्नागिरीला दुरुस्तीसाठी जाते. ती पहिली ओळ ज्याला वाचता येते, त्याला कळते की यंत्र धडधाकट आहे. दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा चुकीचा बसवलाय.

आता मराठीकडे.

देवनागरी यंत्रात बसवण्याचा प्रश्न प्रिंटरच्या आधीचा आहे. जावजी दादाजींनी आपल्या निर्णयसागर छापखान्याचे देखणे टंक पाडले, पण मराठी मजकूर जुळवायला इंग्रजीच्या कित्येक पट खिळे लागत. काना-मात्रा, जोडाक्षरे, रफार, सगळ्यांची वेगळी घरे. खिळ्यांची ही संख्या कमी कशी करावी, यावर रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनीही डोके चालवले होते; 'केसरी' चालवणाऱ्याला तो प्रश्न रोजचा होता. म्हणजे जी अडचण होती ती खरी होती आणि त्या काळच्या माणसांनी ती आपली मानली होती.

डॉट मॅट्रिक्सच्या मुंडक्यात नऊ सुया एकाखाली एक. इंग्रजी अक्षर एका फेरीत त्यांत बसते, खाली लोंबणारे शेपूटही बसते. देवनागरीत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. 'र्की' आणि 'द्धू' नऊ ठिपक्यांच्या उंचीत कोंबले तर वाचणाऱ्याची परीक्षा. चोवीस सुयांची यंत्रे आली तेव्हा हे सुधारले. ऐंशीच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले आणि संगणकात एक कार्ड बसवले की डॉसच्या साध्या प्रोग्राममध्येही देवनागरी उमटू लागली. १९९१ साली इस्की ही भारतीय लिपींची संकेतावली भारतीय मानक म्हणून आली, त्याच वर्षी युनिकोडही.

तरी प्रिंटरच्या स्वतःच्या स्मरणात मराठी फारशी शिरली नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे. पावतीचा थर्मल प्रिंटर एका आकड्याला एक आकृती, अशा तक्त्यावर चालतो; तक्त्यात २५६ घरे. 'कि' लिहिताना संगणकात आधी क साठवतो, मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी हवी. 'धर्म'मधला र साठवताना म च्या आधी असतो, छापताना म च्या डोक्यावर चढतो. हे कोणाला तरी जुळवावे लागते आणि साध्या तक्त्याला ते जमत नाही. यावर कोणी म्हणेल, मग झाले तर, लिपीच अवघड. मला हे पटत नाही. चिनी आणि जपानी लिपींसाठी हजारो चिन्हांचे कोष पावतीच्या प्रिंटरमध्ये भरलेले आहेत. ते भरले गेले, कारण तिथल्या गिऱ्हाइकाने त्याशिवाय यंत्र घेतलेच नसते. आपण घेतले.

मग मराठी छापायची कशी? चित्र म्हणून. अक्षरांची जुळणी संगणकाने किंवा फोनने करायची आणि प्रिंटरला सांगायचे की, हे ठिपके जसेच्या तसे उमटव. पावतीच्या प्रिंटरच्या भाषेत, म्हणजे ईएससी-पीओएसमध्ये, त्यासाठी सरळ हुकूम आहे आणि तो बाजारातल्या स्वस्त यंत्रांनाही कळतो. याला पूर्वी एक रास्त हरकत होती. ८० मिलिमीटर रुंदीच्या कागदावर छापण्याजोगी जागा ५७६ ठिपक्यांची. १२ ठिपके रुंदीची ४८ अक्षरे एका ओळीत. अक्षरे म्हणून पाठवली तर ४८ बाइट. २४ ठिपके उंचीचे चित्र म्हणून पाठवली तर १,७२८ बाइट, छत्तीस पट. जुन्या सिरियल तारेतून ९,६०० च्या वेगाने सेकंदाला ९६० बाइट जात. म्हणजे एका ओळीला पावणेदोन सेकंदांच्या वर. वीस ओळींच्या पावतीला अर्ध्या मिनिटाहून जास्त. गणपतीच्या आदल्या दिवशी दुकानात रांग लागलेली असताना कोण थांबेल? तेव्हा इंग्रजी पावती हा शहाणपणा होता.

आज ते यंत्र यूएसबीने जोडलेले आहे. ३४ हजार बाइट पाठवायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. मराठी जुळवण्याचे काम मालकाच्या खिशातला फोन दिवसभर व्हॉट्सॲपवर करतच असतो. म्हणजे तांत्रिक कारण संपले. उरली ती सवय आणि हिशेबाचा प्रोग्राम विकणाऱ्याचे 'होत नाही' हे दोन शब्द. ते खरे की खोटे, हे तपासण्याइतकी माहिती घेणाऱ्याकडे नाही, म्हणून ते चालतात. हिशेब तपासणाऱ्याला इंग्रजी नोंद हवी असेल तर ती संगणकात आहेच. गिऱ्हाइकाच्या हातातला कागद गिऱ्हाइकासाठी असतो.

यावरचा नेहमीचा प्रतिवाद मला माहीत आहे. ड्रायव्हर सगळे बघतो, कंट्रोल आणि पी दाबले की काम होते, सामान्य माणसाने २७ आणि ६७ कशाला पाठ करावे? पाठ करू नयेच. पण ड्रायव्हर जे विचारतो ते त्याच हुकुमांचे मराठीत-इंग्रजीत लिहिलेले रूप असते आणि त्या प्रश्नांना उत्तरे न देता 'ओके' दाबायची आपल्याला सवय आहे. देवरूख हे तालुक्याचे ठिकाण; तहसील, पंचायत समिती, दाखले, उतारे, सगळ्यांसाठी आसपासची माणसे इथे येतात. प्रोग्रामात पानाचे माप अमेरिकी 'लेटर' ठेवलेले आणि ट्रेमध्ये ए-फोर कागद. लेटर साडेआठ बाय अकरा इंच, ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर. मग यंत्र कागद असूनही कागद मागत बसते किंवा कडेचा मजकूर कापला जातो. कोकणातला सातबारा म्हणजे वीतभर जमीन आणि हातभर नावे. तो 'पानात मावेल असा' छापायला सांगितला की सहहिस्सेदारांची नावे मुंगीएवढी होतात. आडवे पान, उभे पान, मूळ आकार, पानाएवढा आकार, दोन्ही बाजूंनी: ही पाच-सहा नावे ज्याला कळतात तो काउंटरवर उभा राहून "आडवं काढा, शंभर टक्क्यांवर" असे सांगू शकतो. ज्याला कळत नाहीत तो दिले ते घेऊन, पैसे देऊन, घरी जाऊन भिंग शोधतो.

रांगेत अडकलेल्या कामांचेही तसेच. छापायला दिलेले काम आधी स्पूलर नावाच्या रांगेत जाते आणि प्रिंटर मोकळा झाला की पुढे सरकते. प्रिंटर बंद असताना पाच वेळा बटण दाबले तर चालू झाल्यावर पाच प्रती येतात. त्यात भुताटकी नाही.

आणि पावसाळा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; उघड्या रिमातला कागद जूनपासून दमट होतो. लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर बसवणारा फ्यूजर पाण्याच्या उकळबिंदूच्या बराच वर तापलेला असतो. दमट कागदातल्या ओलाव्याची वाफ होते, कागद गुंडाळतो, सुरकुततो, अडकतो. 'प्रिंटर रुसलाय' म्हणून आपण त्याला थापट्या मारतो. रीम प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवणे आणि कागदाचा प्रकार खरा सांगणे, हे दोन उपाय आहेत. दुसराही हुकूमच आहे: जाड की पातळ हे कळले की यंत्र आपली उष्णता आणि वेग बदलते. ७५ जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन ७५ ग्रॅम, एवढे रिमावर छापलेलेच असते.

यंत्राचे हुकूम माहीत नसण्याचा हा प्रश्न देवरूखपुरता नाही, हे दाखवायला एक जुनी हकीकत पुरेल. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तो अडकायचा आणि अडकला हे दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला कळायचे नाही. तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना तो सुधारायचा होता. आधीच्या यंत्रावर त्यांनी तसे केलेही होते. या वेळी प्रोग्रामची मूळ प्रत मिळाली नाही. ती ज्याच्याकडे होती, त्याने गुप्ततेचा करार केलेला होता. १९८३ साली स्टॉलमननी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली, तिच्या मुळाशी ते ही हकीकत सांगतात. ज्या यंत्राचे हुकूम मालकाला माहीत नाहीत, ते यंत्र पूर्णपणे मालकाचे नसते.

आज उलटा प्रवास चालू आहे. होस्ट-बेस्ड म्हणवणारे स्वस्त लेझर प्रिंटर कोणतीही जाहीर भाषा बोलत नाहीत. कंपनीचा ड्रायव्हर जे गुप्तपणे सांगेल तेवढेच ऐकतात. कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढला नाही किंवा शाळेत लिनक्सचे संगणक आले की चांगले चालते यंत्र अडगळीत. शाळा, ग्रामपंचायती आणि कचेऱ्या सार्वजनिक पैशातून प्रिंटर घेतात. निविदेत मिनिटाला पाने किती आणि ठिपके इंचाला किती हे विचारले जाते. 'कोणती भाषा बोलतो आणि तिचे पुस्तक मिळेल का' हा रकानाही त्यात असला पाहिजे. त्याचा खर्च शून्य आहे.

शिकवण्याची सोय जवळच आहे. आंबवला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, देवरूखात आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय आहे, कला महाविद्यालयही आहे. मराठी पावतीचे चित्र करून ते प्रिंटरला पाठवणारा छोटा प्रोग्राम हा पदवीच्या एका सत्रात होण्याजोगा प्रकल्प आहे. त्यातली अक्षरे २४ ठिपक्यांच्या उंचीत वाचनीय कशी ठेवायची, हा कलेच्या विद्यार्थ्याला पुरून उरेल असा अभ्यास आहे. दोन्हीकडच्या मुलांनी एकत्र बसून तो केला आणि बाजारातल्या दहा दुकानदारांना फुकट बसवून दिला, तर 'होत नाही' म्हणणाऱ्याची पंचाईत होईल.

दुकानदारांना एक विनंती. पुढचा प्रिंटर घेताना विक्रेत्याकडे हुकुमांचे पुस्तक मागा आणि मराठी पावती तिथल्या तिथे छापून दाखवायला सांगा. दाखवता आली नाही तर पैसे देऊ नका.